देवाची इच्छा नेमकी ओळखायची कशी? (आयर्लंडची नोकरी आणि घरी अंथरुणाला खिळलेले सासरे)

नगरची सिस्टर · ४ तारीख, रात्री ११.४०

सर्वांना जय ख्रिस्त.

बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी स्टाफ नर्स आहे, चौदा वर्षं झाली. माहेर संगमनेरकडचं, सासर नगरचं (आता अहिल्यानगर). आजेसासऱ्यांपासून घर मंडळीत (चर्चमध्ये) आहे. मागच्या वर्षी ओईटीची (नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्रजीची) परीक्षा पास झाले आणि दीड महिन्यापूर्वी आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलची ऑफर आली. २० तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे.

घरची परिस्थिती अशी. मिस्टर अनुदानित शाळेत शिक्षक, मुलगी सातवीत, घराच्या कर्जाचे हप्ते अजून नऊ वर्षं. सासूबाई नाहीत. सासऱ्यांना मागच्या दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखम होते. दिवसा एक मावशी येतात. रात्रीचं सगळं मीच बघते.

प्रार्थना चालूच आहे. तीन शुक्रवार उपास केला. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाचं कार्ड उचललं होतं, यहोशवा १:५ आलं, मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही. ते कार्ड औषधांच्या डब्याला चिकटवून ठेवलंय. पण सोडणार नाही म्हणजे तिथे की इथे?

मागच्या आठवड्यात डोळे मिटून बायबल उघडलं तर उत्पत्ती १२ निघालं, देश, नातेवाईक, बापाचं घर सोडून मी दाखवीन त्या देशात जा. अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच उघडलं तर रूथ १. मला सोडून जा असा आग्रह करू नका. आणि ते रूथ सासूला म्हणतेय! त्या दिवसापासून बायबल उघडायचीच भीती वाटते.

आणखी एक सांगते, हे अजून घरातही बोलले नाही. मला जायचंय. रोज प्रभूच्या प्रार्थनेत "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणते आणि तेव्हाही मनात विमानच असतं. माझी ती प्रार्थना खोटी आहे का?


रविवारचा मास्तर · ५ तारीख, सकाळी ६.१५

ताई, प्रार्थना खोटी नाही. खोटी असती तर हा शेवटचा परिच्छेद तुम्ही लिहिलाच नसता.

मी पिंपरीला वीस-बावीस वर्षं संडे स्कूल घेतो. डोळे मिटून पान उघडायचं हे मुलं सर्रास करतात, मीही तरुणपणी केलंय. तुमच्याच अनुभवावरून दिसतं ना की उत्पत्ती १२ अब्राहामासाठी होतं आणि रूथ १ हे रूथचं नामीवरचं प्रेम होतं. दोन्ही खरं वचन, पण दोन्हीत आयर्लंड नाही. वचनाला घाबरू नका. चिठ्ठीसारखं उघडणं सोडा आणि रूथचे चारही अध्याय सलग वाचा. अर्ध्या तासात होतात.

तुम्ही मागताय ते उत्तर. याकोब १:५ मागायला सांगतो ते ज्ञान. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझा इथे फार जीव गुंतलाय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. गिबोनात देवाने शलमोन राजाला स्वप्नात विचारलं, माग काय हवं ते. त्याने मागितलं "सावधान चित्त". मूळ हिब्रूत शब्द आहे "ऐकणारं हृदय". त्याच अध्यायात लगेच पुढे काय येतं? दोन बायका, एक जिवंत बाळ, एक मेलेलं. देवाने शलमोनाच्या कानात सांगितलं नाही की खरी आई डावीकडची. त्याने दोघींचं ऐकून घेतलं आणि कोणाच्या पोटात कळ उठते ते उघडं पाडलं. वरून आलेलं ज्ञान असं काम करतं. माणसांच्या मनात दडलेलं ते उजेडात आणतं.

तुमच्या घरात कोणाचं ऐकून घ्यायचं राहिलंय का, एवढं बघा.


कल्याणची लेक · ५ तारीख, सकाळी ९.०२

प्रभूची स्तुती असो! सिस्टर, मास्तरांचं बरोबर आहे, पण देव आजही बोलतो हे विसरू नका. माझ्या लग्नाच्या वेळी मी स्पष्ट खूण मागितली होती आणि मिळाली. गिदोनाने खूण मागायला लोकर ठेवली तर देव रागावला नाही, दोन वेळा उत्तर दिलं. पौलाला रात्री दर्शन झालं, मासेदोनियाचा माणूस उभा राहून बोलावत होता. आपला देव मुका नाही. तुम्ही एक ठराविक खूण मागा, उदाहरणार्थ १५ तारखेच्या आत कर्जाचा किंवा सासऱ्यांचा प्रश्न सुटला तर जायचं. आमच्या प्रार्थना गटात तुमचं नाव दिलंय.


वचनप्रेमी · ५ तारीख, दुपारी १.३०

१ तीमथ्य ५:८ वाचा. जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना खूण कशाला? सून म्हणून तुमची जागा घरात आहे. पैशाचा मोह फार सूक्ष्म असतो.


रविवारचा मास्तर · ५ तारीख, दुपारी २.१०

वचनप्रेमी, तोच अध्याय चौथ्या वचनापासून वाचूया. तिथे विधवेची मुलं किंवा नातवंडं यांना सांगितलंय की आईबापांचे उपकार फेडा. सून म्हटलेलं नाही. सासऱ्यांची पहिली जबाबदारी मुलावर येते, आणि ताई आजवर ती आनंदाने उचलत आल्यात हे त्यांचं देणं आहे. आणि नीतिसूत्रे ३१ मधली सद्गुणी स्त्री व्यापाऱ्याच्या जहाजासारखी दुरून अन्न आणते, स्वतः शेत पाहून विकत घेते. तिच्यावर कोणी मोहाचा आरोप केला नाही.


तरतूद · ५ तारीख, दुपारी २.४५

सिस्टर, प्रार्थना करतोय.


मोगरा · ५ तारीख, रात्री १०.५०

या धाग्याचा विषय जरा वेगळा आहे, तरी लिहिते, कारण "देवाची इच्छा" हे शब्द दिसले की मला थांबता येत नाही.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना डेंग्यूने गेला. पाच दिवसांत. घरी आणलं तेव्हा अंगणात भाड्याच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्याचं दप्तर दाराच्या खुंटीला तसंच लटकत होतं, बाटलीत शनिवारचं पाणी. माणसं येत होती आणि एकामागून एक म्हणत होती, देवाची इच्छा, ताई, आपण काय करणार. एकजण म्हणाल्या, देवाला बागेत फूल हवं होतं. मी त्यांना काही बोलले नाही. पण त्यानंतर दोन वर्षं मी प्रभूची प्रार्थना त्या ओळीपाशी थांबवत होते. "तुझे राज्य येवो" म्हणायचे आणि गप्प बसायचे.

मला परत उभं केलं ते गेथशेमाने बागेने, जिथे येशूने पकडला जाण्याआधी प्रार्थना केली. तिथे येशू ते वाक्य सहज म्हणत नाही. आधी मागतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर. तीनदा जाऊन तेच मागतो. लूक लिहितो की घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. मित्र लाजार याच्या कबरेपाशी तर रडला, आणि पुढच्या घटकेला त्याला उठवणार होता हे ठाऊक असूनही रडला. म्हणजे मरण देवाला आवडतं असं नाही. माझ्या बाळाला डास चावावा अशी देवाची हौस होती हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. पण त्या पाच दिवसांत आणि नंतरच्या दोन वर्षांत तो माझ्याजवळून हलला नाही, एवढं मी साक्ष म्हणून सांगते.

सिस्टर, तुम्हाला जायचं असेल तर तसं त्याला स्पष्ट सांगा. प्रभूनेही स्वतःला काय हवं ते बापाला आधी सांगितलं, मग सोपवलं. मनातलं न सांगता केलेला स्वीकार मी दोन वर्षं करून पाहिलाय, त्याने आतून कुजायला होतं.


नगरची सिस्टर · ६ तारीख, पहाटे ३.२०

मोगराताई, बाबांना कुशीवर वळवून आले आणि तुमचं वाचलं. काय लिहू कळत नाही. पण आत्ता स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हटलं, प्रभू, मला जायचंय. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा रडू आलं.


निवृत्त पाळक · ६ तारीख, सकाळी ११.००

माझ्या मुली, सलाम. मी जालन्याचा. छत्तीस वर्षं पाळकपण करून आता घरी असतो. दिसायला कमी झालंय, नातू टाईप करतो.

कल्याणच्या मुलीने गिदोनाचं नाव काढलं म्हणून आधी ते घेतो. शास्ते सहावा अध्याय नीट पाहा. देवाने गिदोनाला "जा" हे चौदाव्या वचनातच सांगितलं होतं. लोकर येते छत्तिसाव्यात. आणि गिदोन स्वतःच दोनदा म्हणतो, "तू म्हटल्याप्रमाणे". म्हणजे त्याला देवाची इच्छा ठाऊक होती, धीर होत नव्हता. देवाने त्याच्या दुर्बळपणाची कीव केली. आपण लोकरीला रीत करून बसलो. खूण मिळालीच तर देवाचे उपकार मानावेत, पण खुणेवर घर बांधू नये.

पौलाचंही तेच. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये आधी आसियात जायला आत्म्याने मना केलं, मग बिथुनियात जाऊ दिलं नाही, मग दर्शन झालं. आणि दर्शनानंतरचा शब्द कोणता? "अनुमान". दर्शन पौलाला झालं, अनुमान त्यांनी मिळून केलं. आधीच्या अध्यायात यरुशलेमेत मोठी सभा भरली, बराच वादविवाद झाला, आणि पत्रात काय लिहिलं, पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले. व आम्हांला! देव आपली अक्कल, आपली माणसं, आपली चर्चा बाजूला सारून बोलत नाही, त्यांच्यामधूनही बोलतो. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना चिठ्ठ्या टाकल्या, पण पन्नासाव्या दिवशी आत्मा आल्यानंतर प्रेषितांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचं कुठे वाचायला मिळत नाही.

आता माझी गोष्ट. मी पस्तिशीत असताना मला मोठ्या शहरातल्या मंडळीचं बोलावणं आलं. पगार दुप्पट, बंगला. मी मंडळीपुढे उभा राहून सांगितलं की प्रभूने मला दाखवलंय. सगळे गप्प. कोण बोलणार? आमच्यात मंडळीचे एक वयस्कर वडील (एल्डर) होते, शाळेत शिपाई होते. ते सभा संपल्यावर माझ्याबरोबर बाहेर आले, सायकलचं स्टँड काढलं आणि म्हणाले, "पाळकसाहेब, प्रभूने दाखवलं म्हटल्यावर आम्हाला काही विचारायलाच उरलं नाही. तुम्हाला जायचंय असं म्हटलं असतं, तर आम्ही मिळून प्रार्थना केली असती." मी त्या रात्री झोपलो नाही. देवाचं नाव मी माझ्या इच्छेवर शिक्का म्हणून वापरलं होतं. शेवटी गेलो नाही, पण जायला हवं होतं की नव्हतं हे आजही मला सांगता येणार नाही. ते वाक्य मात्र मी पुन्हा उच्चारलं नाही.

म्हणून तुला सांगतो, "मला जायचंय" असं तू लिहिलंस हेच शुद्ध आहे. याकोब ३:१७ मध्ये वरून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणं दिली आहेत. ते आधी शुद्ध असतं, मग शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगं, दयेने भरलेलं. "समजूत होण्याजोगं" यावर बोट ठेव. जो निर्णय कोणाचं ऐकूनच घेत नाही तो वरून आलेला नसतो, जायचा असो की राहायचा.

एक प्रश्न विचारतो. सगळ्या धाग्यात सासऱ्यांबद्दल सगळे बोलले. त्यांना कोणी विचारलं का?


लातूरचा एक भाऊ · ६ तारीख, दुपारी ४.४०

पाळकसाहेबांच्या लिखाणाला जोडून. एका सभेला बाहेरगावचे वक्ते आले होते. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तुझी सध्याची नोकरी बंधन आहे, तीन महिन्यांत देव दार उघडतो. मी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. बायको नको म्हणत होती, मी तिला अविश्वासू म्हणालो. पुढची अकरा वर्षं मिळेल ते काम केलं. वक्ते कोण, कुठले, हे मी लिहिणार नाही. त्यांनी मनापासून सांगितलं असेलही. चूक माझी की मी एकट्याने मानलं. १ थेस्सलनीका ५:२०-२१ संदेश धिक्कारू नका म्हणतं आणि लगेच पुढे सगळ्याची पारख करा म्हणतं. मी पहिलं अर्धं ऐकलं.

बायकोची माफी मागायला मला चार वर्षं लागली. ते आधी करायला हवं होतं.


कल्याणची लेक · ६ तारीख, सायंकाळी ७.१५

भाऊ, वाचून वाईट वाटलं. पाळकसाहेब, गिदोनाचं "तू म्हटल्याप्रमाणे" माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आत्ता उघडून पाहिलं. देव खूण देतो यावर माझा विश्वास कायम आहे, पण सिस्टरना १५ तारखेची अट घालायला सांगितली ते मागे घेते. सासऱ्यांचा प्रश्न सुटला तर जा, असं मी लिहून गेले, त्याचा अर्थ काय होतो ते नंतर कळलं. क्षमा करा.


वसईची वाडी · ७ तारीख, रात्री ९.३०

मी कॅथलिक आहे, वसईचा. तुमच्या प्रॉटेस्टंट मंडळींत आगंतुक वाटलो तर क्षमा असावी. आमच्याकडे साधनेला गेलं की संत इग्नेशियसची रीत शिकवतात, ती मला आयुष्यात एकदा फार उपयोगी पडली.

इग्नेशियस हा स्पेनचा सैनिक. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहिला. वेळ जायला कधी लढाया आणि मानसन्मानाची स्वप्नं रंगवायचा, कधी ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्राचा विचार करायचा. दोन्ही करताना छान वाटायचं. पण पहिलं संपलं की मन कोरडं व्हायचं आणि दुसरं संपल्यावरही समाधान रेंगाळायचं. विचार येऊन गेल्यावर मागे चव कोणती राहते, यावर त्याने लक्ष ठेवायला सुरुवात केली. पुढची सगळी रीत तिथून निघाली.

आमची वाडी विकायची की नाही यावरून मी आणि भाऊ, दोघांत बोलणं बंद झालं होतं. बिल्डरचा माणूस आठवड्याला यायचा. फादरांनी सांगितलं, एक आठवडा असं जग की वाडी विकून झाली. सकाळी उठून तशीच प्रार्थना कर. पुढचा आठवडा असं जग की कधीच विकणार नाही. रोज रात्री दोन ओळी लिही. मी लिहिल्या. विकल्याच्या आठवड्यात पहिले दोन दिवस मजेत गेले, मग बावखलाकडे (वाडीतल्या तळ्याकडे) पाहायला नको वाटायला लागलं. न विकल्याच्या आठवड्यात मात्र भावाचा चेहरा सारखा समोर यायचा, त्याच्या डोक्यावर कर्ज होतं. तेव्हा कळलं की माझा गुंता वाडीचा कमी आणि भावाचा जास्त आहे. आम्ही त्याच्या वाट्याची एक पट्टी काढून विकली आणि विहिरीकडची ठेवली. आज रविवारच्या मिस्साला एका बाकावर बसतो.

दोन गोष्टी सिस्टरसाठी. इग्नेशियस सांगतो की मन कोरडं, अंधारलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये. तुम्ही पहाटे ३.२० ला लिहिताय. त्या वेळी काही ठरवू नका, झोप झाल्यावर ठरवा. आणि तो म्हणतो, अशी कल्पना करा की अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आलाय, आणि तुम्हाला फक्त त्याचं भलं हवंय. त्याला काय सांगाल? तेच स्वतः करा. मरणशय्येवरून मागे पाहिलं तर कोणता निर्णय घेतलेला आवडेल, असाही एक प्रश्न आहे, पण तुम्ही रोज रुग्णांमध्ये असता, तुम्हाला तो नव्याने सांगायला नको.


केडगावची नात · ८ तारीख, सकाळी ८.२०

माझी आजी पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, म्हणून त्यांचं नाव आमच्या घरात रोज निघतं. धीर येईल म्हणून सांगते. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन, नवरा वारल्यावर. लोक काय काय बोलले असतील! आणि पुढे १८८९ साली मुंबईत शारदा सदन, मग दुष्काळातल्या मुलींना आणून केडगाव. जाणंही त्यांच्या आज्ञापालनात बसलं आणि एका जागी मुळं रोवून राहणंही. एकुलती मनोरमा १९२१ मध्ये गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी तरीही सोडलं नाही, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मोगराताई, तुमचं वाचताना मला तेच एक वर्ष आठवत होतं.

आणि नवरा-बायकोचं म्हणाल तर रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षं किती ओढाताणीची होती ते सगळा महाराष्ट्र जाणतो. पण लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःला पटल्यावर. एकाला कळलं म्हणून दुसऱ्याला त्याच दिवशी कळेल असं नसतं. मिस्टरांना वेळ द्या.


मिरजेहून डब्लिन · ८ तारीख, रात्री ११.५५

सिस्टर, मी मिरजेत शिकले, इथे सहावं वर्ष. वचनं सगळ्यांनी सांगितली, मी कामाचं सांगते, तेही ज्ञानातच मोडतं. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा असं प्रभूनेच लूक १४ मध्ये म्हटलंय.

हॉस्पिटलला लेखी विचारा की कुटुंबाला कधी आणता येईल आणि रुजू व्हायची तारीख पुढे ढकलता येईल का. माझ्या बॅचच्या एकीने ढकलून घेतली होती, सगळीकडे जमेलच असं नाही. पहिल्या वर्षात कर्ज फिटेल हे डोक्यातून काढा, घरभाडं फार आहे. डिसेंबरात चार वाजून गेले की अंधार पडतो, नाइट करून झोपलं तर ऊन दिसतच नाही. रविवारी मी मल्याळी मंडळीत जाते, प्रेमळ आहेत, पण मराठी गीताला जीव तरसतो.

मी मात्र आले त्याचा मला पश्चात्ताप नाही. आईच्या शेवटच्या आजारात मी इथे होते, त्याचं दुःख आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्ही मी रोज प्रभूपुढे ठेवते.


वचनप्रेमी · ९ तारीख, सकाळी ७.००

मास्तर, १ तीमथ्य ५:४ पुन्हा वाचलं. सून हा शब्द मी घातला होता. सिस्टर, मोहाचं लिहिलं ते तुम्हाला न ओळखता लिहिलं.


नगरची सिस्टर · १७ तारीख, रात्री १०.१०

इतके दिवस लिहिलं नाही. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले होते.

पाळकबाबा, तुमचा प्रश्न वाचला आणि लाज वाटली. मी नर्स, रोज पेशंटला विचारते, आजोबा सुई देऊ का, वळवू का. आणि घरच्या माणसाला विचारलं नव्हतं. त्या रात्री दोनच्या पाळीला त्यांना डाव्या कुशीवर घेतलं, पाठीला पावडर लावली आणि तशीच स्टुलावर बसून सगळं सांगितलं. ऑफर, कर्ज, मला जायचंय हेही. बराच वेळ ते भिंतीकडे बघत होते. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "मला... विचारलंस." आणि डोळ्यातून पाणी. दिवाळीपासून त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. कूस, दूध, औषध, सगळं आम्हीच ठरवत होतो.

सासरे एसटीत कंडक्टर होते, मुक्कामी गाड्या करायचे. सकाळी मिस्टरांना जवळ बोलावलं आणि तुटक तुटक शब्दांत म्हणाले, "हिला जाऊ दे. रात्री... तू." एवढंच. मिस्टर उठून बाहेर गेले. संध्याकाळी मला म्हणाले की मला तू जाण्याचं काही नाही, मला बाबांना एकट्याने वळवायची भीती वाटते. लघवीची पिशवी बदलायची भीती वाटते. जखम झाली तर मी जबाबदार. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस मला पहिल्यांदा घाबरलोय असं म्हणाला. मास्तर, तुम्ही म्हणालात ना, कोणाचं ऐकायचं राहिलंय का बघा.

वसईच्या दादांची रीतही केली, आठवडा-आठवडा नाही, चार-चार दिवस. जाण्याच्या चार दिवसांत जे समोर आलं ते आधी दिसलं नव्हतं. मला आयर्लंडचं जितकं आकर्षण होतं, त्यापेक्षा जास्त रात्रीच्या झोपेचं होतं. थकव्यामुळे पळावंसं वाटत होतं. राहण्याच्या चार दिवसांत, बाबांकडे रात्री मिस्टर उठायला लागल्यावर आणि माझी झोप झाल्यावरही जायची इच्छा उरली. कमी झाली, पण उरली, आणि आता ती शांत आहे.

तर आमच्या तिघांचं असं ठरलं. मुलीलाही बसवलं होतं, म्हणजे चौघांचं. हॉस्पिटलला काल पत्र लिहिलं की सहा महिने उशिरा रुजू होऊ द्या. तोवर मिस्टर सगळं शिकतील, कॅथेटर, पाठीची काळजी, नळीने भरवायची वेळ आली तर तेही. हॉस्पिटलने मान्य केलं तर मी जाईन. नाही म्हणाले तर ही ऑफर सोडेन. याकोब चौथ्यात लिहिलंय, प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू आणि अमुक अमुक करू. आजवर हे मी लग्नपत्रिकेवर छापतात तसं म्हणायचे. काल पत्र पाठवताना पहिल्यांदा तसं मनापासून म्हणता आलं.

अजून उत्तर नाही आलं.

एक मदत हवी आहे. गेलं तरी आणि राहिलं तरी बाबांसाठी रात्रीचा एक माणूस लागणार, आठवड्यातून निदान तीन रात्री, म्हणजे मिस्टरांची शाळा सांभाळली जाईल. पुरुष अटेंडंट, नगर शहरात किंवा भिंगारकडे. ओळखीत कोणी विश्वासू असेल तर सांगा. पगार आम्ही चालू भावाने देऊ.


मोगरा · १७ तारीख, रात्री १०.३५

सिस्टर, माझे दीर भिंगारलाच असतात. त्यांच्या वडिलांकडे दीड वर्ष एक मुलगा होता, फार हळुवार हाताचा. सध्या दिवसाचं काम करतो. उद्या सकाळी त्याच्याशी बोलून घेते. व्यनि (खाजगी निरोप) पाहा, नंबर पाठवलाय.


निवृत्त पाळक · १८ तारीख, सकाळी ११.००

माझी बहीण नगरला सावेडीत असते. तिच्या घरच्या बुधवारच्या प्रार्थनेतले दोघे निवृत्त भाऊ महिन्यातून दोन-दोन रात्री तुझ्या सासऱ्यांजवळ बसायला तयार आहेत. तिला मी फोन केला होता. त्यांना वळवायचं कसं ते तुलाच शिकवावं लागेल. शनिवारी चारला येऊ का असं ती विचारतेय.


नगरची सिस्टर · १८ तारीख, दुपारी १.०५

या म्हणावं. बाबांना विचारलं, हो म्हणाले.